पोर्ट लुई : घाटाच्या पायऱ्यांची राजधानी

मॉरिशसच्या वायव्य किनाऱ्यावरचं हे शहर जेमतेम दीड लाख वस्तीचं. पुढ्यात हिंदी महासागर, पाठीशी मोका डोंगररांग. फ्रेंच गव्हर्नर माहे द लाबूर्दोने याने 1735 पासून इथे बंदर उभारलं. नाव मिळालं राजा पंधराव्या लुईचं. 1810 मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं.

पण या शहरात पहिल्यांदा जावं ते आप्रवासी घाटावर, म्हणजे बेटावर येणारे मजूर उतरवून घेणाऱ्या जुन्या डेपोवर. गुलामगिरी संपत आली तेव्हा उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणले जाऊ लागले. 1834 पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत असे जवळजवळ पाच लाख लोक या बेटावर उतरले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही त्यांची निघण्याची बंदरं. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातली माणसं पुष्कळ होती. त्यांच्या वंशजांनी मराठी भजनं, गणपती, आरत्या टिकवल्या. गणेश चतुर्थीला आज देशभर सार्वजनिक सुट्टी असते. घाटावरच्या मूळ डेपोचा थोडाच भाग उरला आहे. 2006 मध्ये त्याला जागतिक वारसा दर्जा मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता.

शाँ द मार्स हे घोड्यांच्या शर्यतींचं मैदान 1812 चं. 12 मार्च 1968 ला स्वतंत्र देशाचा झेंडा इथेच चढला. आपल्या पूर्वजांचा माग काढायचा असेल तर मात्र शहराबाहेर, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जावं लागतं. मजुरांच्या नोंदवह्या तिथे जपल्या आहेत.