विमानवीरांची स्मारके आणि जमिनीवरचे हात



रणांगणात पडलेल्या शिपायाचा देह बहुधा सापडतो, निदान तो कोठे पडला हे तरी सांगता येते. आकाशात लढणाऱ्याचे तसे नाही. विमान समुद्रात बुडाले किंवा ब्रह्मदेशाच्या रानात नाहीसे झाले, की मागे उरते ते हजेरीपटावरचे नाव. म्हणूनच विमानदळाच्या स्मारकांत पुतळा गौण आणि नावांची यादी मुख्य असते. त्या यादीत कोण येतो आणि कोण राहून जातो, याचा विचार आज करावयाचा आहे.

लंडनच्या दक्षिणेस बिगिन हिल नावाचा विमानतळ आहे. १९४० साली जर्मन विमानांना तोंड देणाऱ्या तळांत तो अग्रभागी होता. युद्ध चालू असतानाच, १९४३ साली, तेथे तयार भागांच्या साध्या बराकीत एक प्रार्थनामंदिर उभे राहिले. १९४६ साली ते आगीत जळाले. त्यानंतर १९५१ साली विटांचे पक्के मंदिर बांधले गेले. या तळाच्या विभागातून उडून परत न आलेल्या ४५४ जणांची नावे तेथे वेदीमागे लिहिली आहेत. १९९२ साली हवाई दलाने तळ सोडला, तरी नावे तेथेच राहिली.

पण या तळावर विमानात न बसताही माणसे मेली. ३० ऑगस्ट १९४० च्या बाँबहल्ल्यात जमिनीवरची ३९ माणसे एका दिवसात गेली. वैमानिकाच्या मागे इंजिन उघडणारा, गोळ्यांच्या माळा भरणारा, हवाई छत्रीची घडी घालणारा असे कितीतरी हात असतात. छत्रीची घडी चुकली तर शूराचे शौर्य काय कामाचे? त्या मंदिराला हे उमगले, पण उशिरा. पुढे अनेक वर्षांनी तेथील रंगीत काचांवर विमानदुरुस्ती, छत्र्यांच्या घड्या, शुश्रूषा ही कामे चितारली गेली.

आता आपल्याकडे वळू. पुण्याजवळ लोहगावचा तळ १९३९ साली सुरू झाला. जवळच खडकीला युद्धस्मशानभूमी आहे. पश्चिम व मध्य हिंदुस्थानात ठिकठिकाणी विखुरलेल्या दुसऱ्या महायुद्धातील कबरी तेथे एकत्र आणल्या. त्या सोळाशेंहून अधिक आहेत. १९१७ साली नेमलेल्या युद्धकबर आयोगाचा दंडक असा की, हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येकाला सारखाच मान. जिवंतपणी पगारात जी समता मिळाली नाही, ती मेल्यावर दगडात मिळाली! तत्त्व थोर खरे. पण पाळले गेले का? आयोगाच्याच समितीने २०२१ साली कबूल केले की, पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत. त्यांत बहुसंख्य आफ्रिका, इजिप्त, हिंदुस्थान येथले.

मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिणकरांना मात्र शिळा लाभली. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश विमानदळाच्या २३ व्या स्क्वाड्रनमध्ये लढाऊ विमान चालवीत. जून १९१८ मध्ये ते फ्रान्समध्ये मरण पावले व त्यांची कबर तेथेच हँगार्ड गावी आहे. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण व पूर्व आशियाच्या आकाशात बेपत्ता झालेल्यांची नावे सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत. ज्याचा देह मिळालाच नाही, त्याच्या घरच्यांना अग्निसंस्कारही करता येत नाही. त्यांच्या हाती ते नावच राहते.

कोणी म्हणेल, हे तर साम्राज्याचे चाकर! १९४२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या विदर्भात आष्टी-चिमूरला लोक गोळ्या झेलीत होते, तेव्हा हे त्याच सरकारच्या विमानांत होते. आक्षेप खरा आहे आणि तो झाकू नये. पण जपानी फौजा इंफाळच्या दारात होत्या, हेही तितकेच खरे. शिवाय माणसाचे नाव लिहिणे म्हणजे त्याच्या मालकाचा गौरव करणे नव्हे. गिरणीत अपघाताने मेलेल्या कामगाराचे नाव आम्ही लिहितो, तेव्हा गिरणीमालकाला हार घालत नाही.

१ एप्रिल १९३३ रोजी हिंदी विमानदळाची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तीत सहा अधिकारी आणि एकोणीस 'हवाई सिपाही' होते. हे सिपाही म्हणजे विमान राखणारे कारागीर. सहांमागे एकोणीस! आमच्या जिनातही रेचा फिरतो तो फिटरच्या जिवावर, आणि हिशेबाच्या वहीत नाव चढते मालकाचे.

आपल्या गावोगावी वीरगळ आहेत. वीर लढतो, पडतो, स्वर्गास जातो, सारे त्यावर कोरलेले असते. बहुधा नाव तेवढे नसते. ही उणीव आपल्या पिढीने तरी ठेवू नये. केळापूर तालुक्यातून जे कोणी सैन्यात, विमानदळात, त्यांच्या कारखान्यांत वा स्वयंपाकघरांत गेले, त्यांच्या घरी म्हाताऱ्या माणसांना विचारून नावे उतरवून घ्यावीत. नाव, गाव, काम आणि साल एवढे पुरे. दगड पुढे कधीही मिळेल. सांगणारी माणसे मात्र थांबणार नाहीत.