वाचनखिडकीतला स्लायडर : किमान, कमाल आणि पायरी

'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द अगदी बारीक अक्षरांत शेजारीशेजारी लिहून पाहावेत. पहिल्यात रफार डोक्यावर बसतो. दुसऱ्यात 'य'च्या आधी पापणीच्या केसासारखी एक वक्र रेघ असते. अक्षर लहान होत गेले की ही रेघ विरते आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. बडोद्यातले माझे बरेच विद्यार्थी घरी मराठी बोलतात, पण त्यांची शाळा गुजरातीतून झालेली असते. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. देवनागरी त्यांना ओळखीची असते ती हिंदीमुळे, आणि हिंदीत ही पापणी नाही. त्यामुळे मराठी पान वाचताना ते नेमके अशा ठिकाणी अडखळतात.

त्यांच्यासाठी संगणकावर एक साधी वाचनखिडकी करायचे ठरले. वर मजकूर, खाली दोन स्लायडर : एक अक्षरांच्या आकाराचा, दुसरा ओळींमधल्या अंतराचा. कोड लिहिण्याचे काम संगणक विभागातल्या सहकाऱ्याने घेतले आणि खिडकीची मांडणी माझ्यावर टाकली. ती मी क्यूट डिझायनर या साधनात केली. डावीकडच्या यादीतून आडवा स्लायडर ओढून खिडकीवर ठेवायचा आणि उजवीकडच्या प्रॉपर्टी एडिटरमध्ये त्याचे गुण भरायचे, एवढेच ते काम, असे मला वाटले होते.

पण स्लायडर कोरा येत नाही. तो किमान ०, कमाल ९९, पायरी १ आणि मोठी पायरी १० असे आकडे घेऊनच येतो. मी ते तसेच राहू दिले. पहिल्याच दिवशी एका विद्यार्थिनीने मणी डावीकडे ओढला. १ वर अक्षरांच्या मुंग्या झाल्या आणि ० वर काहीच झाले नाही, कारण शून्य आकाराचा फॉन्ट यंत्र स्वीकारत नाही. बिघाड आपल्या हातून झाला असे तिला वाटले. चूक माझी होती.

म्हणून 'मिनिमम' ठरवायला मी पाचसहा विद्यार्थ्यांना बसवले आणि 'दर्या-दऱ्या' यांत घोटाळा होईपर्यंत आकार उतरवत नेला. आमच्या पडद्यांवर, आमच्या फॉन्टमध्ये किमान १४ पॉइंट निघाले. फॉन्ट बदलला तर हा आकडा बदलेल. 'मॅक्सिमम' ४० ठेवले. त्यापुढे ओळीत तीनचारच शब्द मावतात आणि वाक्याचा धागा सुटतो. 'व्हॅल्यू', म्हणजे खिडकी उघडताना मणी जिथे असेल ते स्थान, १८. हा आकडा हलका समजू नये. बहुतेक वाचक मण्याला हातच लावत नाहीत. आपण ठरवलेल्या आकारातच ते सगळे वाचतात.

पायऱ्या दोन असतात. 'सिंगलस्टेप' ही बाणाच्या कळांची, 'पेजस्टेप' ही पेजअप-पेजडाउनची. तंबोरा लावणाऱ्याला हा भेद समजावून सांगायला नको : खुंटी पिळून तार सुराजवळ आणायची आणि मग मणी सरकवून नेमकी लावायची. आम्ही १ आणि ४ ठेवल्या.

ओळींच्या अंतरात मात्र मी फसलो. हा स्लायडर फक्त पूर्णांक घेतो. 'दीडपट' त्याला सांगता येत नाही. मग टक्के वापरू, १२० ते २००, आणि पायरी १० ठेवू, असा विचार केला. तरी मणी १३७ वर जाऊन थांबे. सिंगलस्टेप कळफलकाला लागू होते, माउसने ओढताना नाही, हे तेव्हा कळले. उपाय सोपा निघाला : स्लायडरचे टोक १२ ते २० ठेवायचे, पायरी १, आणि कोडमध्ये दहाने गुणायचे. १५ म्हणजे दीडपट. देवनागरीला हे अंतर लागतेच. 'मूर्तींना' या शब्दात खाली ऊकार आणि वर वेलांटी, रफार, अनुस्वार यांची गर्दी असते. दाट ओळींत वरचा ऊकार खालच्या रफारावर पडतो.

'ट्रॅकिंग' चालू असले तर मणी ओढत असताना दर क्षणी नवे मूल्य जाते. पाचशे पानांची कादंबरी उघडलेली असेल तर दर क्षणी तिची मांडणी नव्याने होते आणि मणी अडकत चालतो. ट्रॅकिंग बंद केले तर हात सोडेपर्यंत वाचकाला फरक दिसत नाही. आम्ही ते बंद केले, पण स्लायडरखाली नमुन्याची एक ओळ ठेवली. मणी ओढत असताना 'स्लायडरमूव्ह्ड' हा संदेश ट्रॅकिंग बंद असले तरी जातो. तो या ओळीला जोडला. मजकूर 'व्हॅल्यूचेंज्ड'ला जोडला. कळफलकाने मणी हलवला तर पहिला संदेश जात नाही, म्हणून ओळीला दुसराही जोडावा लागला. आमच्या नमुन्याच्या ओळीत अर्थातच दर्या आहे आणि दऱ्याही.

'ॲक्सेसिबलनेम' हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तेच नाव उच्चारते. तिथे मराठीत 'अक्षरांचा आकार' असे लिहावे. नाहीतर दृष्टिहीन विद्यार्थ्याला दोन्ही स्लायडर सारखेच ऐकू येतात.

राहता राहिला आकडा. स्लायडरचे मूल्य शेजारी दिसावे म्हणून मी एफ-४ दाबून, स्लायडरपासून लेबलपर्यंत रेघ ओढून 'सेटनम' जोडले. आकडा आला, पण रोमन. लेबलचा हा मार्ग भाषा पाहतच नाही. लेबल काढून तिथे स्पिनबॉक्स ठेवला, दोघांची मूल्ये एकमेकांना जोडली आणि स्पिनबॉक्सच्या 'लोकेल'मध्ये मराठी व भारत निवडले. लगेच १८ उमटले. तिथेच हिंदी निवडली तर आकडे पुन्हा रोमन होतात, कारण या साधनात मराठीचे मूळ अंक देवनागरी धरले आहेत आणि हिंदीचे रोमन. आमच्या सहकाऱ्याने सवयीने आधी हिंदीच निवडली होती.