वेबसाइटचं डिझाइन: आधी वही-पेन, मग कॉम्प्युटर!



माझी पहिली वेबसाइट २५ हजारांत झाली आणि वर्षभरात मला ती बंद करावी लागली. दिसायला एकदम भारी होती. वर मोठे फिरते फोटो, काळ्यावर सोनेरी अक्षरं, सगळं. पण वेबसाइट बघूनसुद्धा लोक फोन करून विचारायचे, "जुनी पितळी भांडी मोडीत घेता का?" "भांड्यावर नाव घालून मिळेल का?" म्हणजे माझ्या भांड्यांच्या दुकानात माणूस ज्यासाठी येतो, तेच वेबसाइटवर नव्हतं!

यात चूक डिझायनरची नाही, माझी होती. त्याने विचारलं, "कलर कोणता ठेवू?" आणि मी रंग सांगून मोकळा झालो. तुम्ही दुकान लावताना आधी रंग ठरवता का? नाही ना? गिऱ्हाईक कुठून येणार, गल्ला कुठे, रोजचा माल कुठे, हे आधी ठरतं. वेबसाइटचंही तसंच आहे. दुसऱ्या वेळी मी काय केलं, ते सांगतो.

१. आठवडाभर प्रश्न लिहून काढा. काउंटरवर एक वही ठेवा. गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. जो प्रश्न सारखा येतो, त्याचं उत्तर पहिल्या पानावर.

२. कागदावर आराखडा काढा. डिझायनर लोक याला वायरफ्रेम म्हणतात. मोबाईलएवढा उभा चौकोन काढा आणि फोटो, भाव, फोनचं बटण कुठे येणार ते पेन्सिलने दाखवा. मोबाईलचाच चौकोन काढा, कारण गिऱ्हाईक आपल्याला बहुतेक वेळा फोनवरच शोधतं. इथे चुकलात तर खोडरबर पुरतो. कोडिंग झाल्यावर तीच चूक सुधारायला पैसे जातात.

३. मग फॉन्ट आणि रंग. मराठीसाठी मुंबईच्या एक टाइपने बनवलेला 'मुक्त' फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा थोडी जास्त जागा सोडायला सांगा, नाहीतर वरचे मात्रे आणि खालचे उकार एकमेकांना चिकटतात. अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला फरक किमान ४.५ : १ असावा, असा वेबचा मान्य निकष आहे. तो तपासायची साधनं ऑनलाइन फुकट आहेत. फिक्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं उन्हात कोण वाचणार?

४. पाच जणांना दाखवा. वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी यावर काम करणाऱ्या जेकब नील्सन यांनी २००० साली हेच मांडलं होतं, की पाच माणसांना वापरायला दिलं तरी बऱ्याचशा अडचणी समोर येतात. मी कागद आधी आईला दाखवला. तिने विचारलं, "अरे, फोन कुठून करायचा?" बटण पार तळाशी होतं. तिथेच खोडलं आणि वर घेतलं.

हे सगळं पक्कं झाल्यावरच डिझायनरला "हो" म्हणा, तेही लेखी, व्हॉट्सअॅपवर का होईना. नंतर "मी असं सांगितलंच नव्हतं" हा वाद होत नाही.

आता फोन मला अजूनही येतात, पण प्रश्न बदललाय: "मोड घेऊन कधी येऊ?"

चला, उद्या दुकान उघडलं की पहिलं काम, काउंटरवर वही!