डब्यातील आंबा आणि घरचे पन्हे

आपल्या पूर्वजांनी ज्या मळ्यांत घाम गाळला, ते मळे उसाचे होते. माझे खापरपणजोबा रत्नागिरीकडून मुंबई बंदरात आले व तेथून करारावर मॉरिशसला गेले. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज कलकत्त्याहून सुरिनामला उतरले. त्यांचे पहिले जहाज ‘लल्ला रूख’ ५ जून १८७३ रोजी पारामारिबोला पोहोचले. बंदरे निराळी, भाषा निराळ्या, परंतु साखर एकच. त्या साखरेची आठवण मला परवा एका विचित्र प्रसंगी झाली.

आमच्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये सकाळी शाळेच्या वाटेवर मुलांच्या हाती उंच, रंगीत डबे दिसतात. त्यांवर आंबा, पीच, कलिंगड अशी फळांची मोहक चित्रे असतात. ही ‘शक्तिपेये’ होत. माझी पंधरा वर्षांची भाची परीक्षेच्या दिवसांत असाच एक डबा रोज रिचवू लागली. मी रागावलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “मामा, तुम्ही चव तरी घेतली आहे का?” शिक्षकाला हा प्रश्न टाळता येत नाही. न वाचता पुस्तकावर मत देऊ नये, असे मीच वर्गात सांगत असतो.

म्हणून एका शनिवारी दुपारी आमच्या घरी रीतसर परीक्षा झाली. परीक्षक तिघे: माझी आई, भाची आणि मी. तीन फळांची तीन पेये व चौथ्या पेल्यात आईने केलेले कैरीचे पन्हे. भाचीला प्रत्येकी एकच घोट, ही अट होती.

आंब्याच्या पेयाचा वास डबा उघडताच खोलीभर पसरला. पहिला घोट खरोखर रुचकर लागला, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु दुसऱ्या घोटापासून गोडीचा थर जिभेवर बसला आणि मागून औषधासारखी कडसर चव आली. पीचचे पेय अधिक सौम्य होते. त्याला मी दहापैकी सहा गुण दिले. कलिंगडाच्या पेयात कलिंगडाचा थंडावा मुळीच नव्हता. आई म्हणाली, “तिन्हींची चव एकच आहे रे, वास तेवढे निरनिराळे.”

तिचे म्हणणे खरे होते. डब्यांमागील बारीक अक्षरे वाचली, तेव्हा पाणी, साखर, सायट्रिक आम्ल, टॉरिन, कॅफिन व सुगंधद्रव्ये एवढेच सापडले. फळ चित्रापुरते होते. टॉरिन हा शब्द वाचून आईने डबा दूर सारला, कारण हे द्रव्य १८२७ साली प्रथम बैलाच्या पित्तात सापडले आणि त्यावरूनच त्याला नाव पडले. मात्र आज पेयांत घालतात ते टॉरिन कारखान्यात रसायनांपासून तयार होते. त्या कारणाने कोणी भिण्याचे प्रयोजन नाही.

भिण्याचे कारण दुसरे आहे. अशा पेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारणतः ३२ मिलिग्रॅम कॅफिन व ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या डब्यात १६० मिलिग्रॅम कॅफिन आणि ५५ ग्रॅम साखर. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली मुलांसाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम कॅफिन ही मर्यादा सुचविली. माझ्या भाचीचे वजन ४५ किलो. तिची मर्यादा झाली १३५. एका डब्यातच ती ओलांडली जाते. ‘मुलांसाठी योग्य नाही’ हे शब्द कायद्याने डब्यावर छापलेलेच असतात. चित्राच्या झगमगाटात ते वाचतो कोण?

साखरेचा प्रश्न तर आपल्या घरचाच आहे. मधुमेह आपल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांत डच शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो व लवकर येतो. माझे वडील स्किपोल विमानतळावर रात्रपाळी करीत. जागरणासाठी ते गोड पेये पीत. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी मधुमेहाने गेली. हे भाचीला ठाऊक नव्हते. त्या दुपारी आईने ते प्रथमच सांगितले. भाची बराच वेळ काही बोलली नाही.

मग आम्ही पन्हे प्यालो. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, मीठ, वेलदोडा. त्याला तिघांनीही नऊ गुण दिले. एक गुण राखला, कारण गूळही अखेर साखरच होय. परंतु तो किती घालावा हे आपल्या हाती असते, आणि पन्हे कोणाची झोप उडवीत नाही.

भाचीने पेये अगदी सोडली, असे मी म्हणणार नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र ती आता दहा वाजता निजते. पालकबंधूंनो, भगिनींनो, मुलांवर रागावण्यापूर्वी त्यांच्याबरोबर एकदा डब्यामागील अक्षरे वाचावीत आणि घरातील आजारांची हकिगत त्यांच्यापासून लपवू नये. रिकामा डबा दुकानात परत केला की १५ सेंट मिळतात. गेलेली दृष्टी परत देणारे दुकान मात्र कोठेही नाही.