अध्यापकांची सावरण्याची क्षमता : व्यक्तीचा गुण की संस्थेची जबाबदारी?

प्रस्तावना

अध्यापन हा दीर्घ पल्ल्याचा व्यवसाय आहे. अध्यापकासमोर दरवर्षी त्याच वयाचे नवे विद्यार्थी येऊन बसतात. अध्यापकाचे वय मात्र वाढत जाते. या प्रवासात विषयज्ञान ताजे राहावे म्हणून उद्बोधन वर्ग व उजळणी वर्गांची सोय आहे. उत्साह टिकावा यासाठी मात्र क्वचितच काही योजले जाते. थकलेल्या अध्यापकाला बहुधा 'मन खंबीर ठेवा' एवढाच सल्ला मिळतो. सावरण्याची क्षमता ही ज्याची त्याने बाळगावयाची गोष्ट आहे, असे या सल्ल्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना

कामातून येणाऱ्या दमणुकीसाठी 'बर्नआउट' ही संज्ञा हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली वापरली. ख्रिस्तिना मॅस्लॅक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तिच्या मापनाची श्रेणी तयार केली. त्यांच्या मांडणीत या अवस्थेची तीन अंगे आहेत : भावनिक थकवा, समोरच्या व्यक्तीविषयी येणारी अलिप्तता आणि आपल्या हातून काही साध्य होत नाही ही भावना. अध्यापकाच्या बाबतीत दुसरे अंग विशेष गंभीर ठरते, कारण तेथे विद्यार्थी हा हजेरीपटावरचा केवळ क्रमांक होऊन राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची गणना आजारात केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकालीन ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी ती व्यावसायिक घटना आहे, असे तेथे म्हटले आहे. म्हणजेच तिचा उगम शोधताना व्यक्तीच्या स्वभावाबरोबर कामाच्या रचनेकडेही पाहावे लागते.

इंग्लंडमधील अभ्यास

या दृष्टीने क्रिस्टोफर डे व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. त्याचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. १०० शाळांमधील ३०० शिक्षकांचा काही वर्षे मागोवा घेऊन संशोधकांनी सेवाकालाचे सहा टप्पे मांडले : ० ते ३, ४ ते ७, ८ ते १५, १६ ते २३, २४ ते ३० आणि ३१ वर्षांहून अधिक. प्रत्येक टप्प्यातील पेच निराळा आढळला. प्रारंभी आधाराची गरज असते. आठ वर्षांनंतर वाढीव जबाबदाऱ्यांमुळे भूमिका बदलते. सोळा वर्षांनंतर घर व काम यांतील ओढाताण तीव्र होते. अखेरच्या टप्प्यांत प्रेरणा टिकविणे हेच आव्हान ठरते.

अनुभव वाढला की परिणामकारकता आपोआप वाढते, या समजाला या अभ्यासाने छेद दिला. बांधिलकी टिकवून असलेल्या शिक्षकांचे विद्यार्थी अपेक्षित पातळी गाठण्याची शक्यता अधिक दिसली. ही बांधिलकी टिकविण्यात शाळेचे नेतृत्व, सहकारी आणि कुटुंब यांचा आधार निर्णायक होता. याचा अर्थ असा की, सावरण्याची क्षमता परिस्थितीनुसार वाढते किंवा खालावते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांचा संदर्भ

इंग्लंडमधील शालेय शिक्षकांचे निष्कर्ष येथील महाविद्यालयांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु टप्प्यांची कल्पना उपयुक्त आहे. तेथे आधाराचा मानलेला पहिला टप्पा येथे अनेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरील नेमणुकीच्या रूपाने येतो. तास झाला तर मानधन, सुटीत काहीही नाही आणि वर्ष संपले की पुन्हा मुलाखत. काहींची अशी वर्षामागून वर्षे जातात. अशा अध्यापकाला खंबीरपणाचा उपदेश करणे म्हणजे व्यवस्थेची उणीव त्याच्या पदरी घालणे होय.

नियमित सेवेतील अध्यापकांचा पेच वेगळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत आठवड्याचा ४० तासांचा कार्यभार आणि त्यात सहायक प्राध्यापकासाठी १६ तास प्रत्यक्ष अध्यापन ठरविले गेले. उर्वरित वेळ वाचन, संशोधन व विद्यार्थ्यांसाठी असावा, ही अपेक्षा. प्रत्यक्षात प्रवेश, परीक्षा, मूल्यांकनाचे अहवाल व विविध समित्या यांतच तो पुष्कळसा खर्ची पडतो. सेवेच्या मध्यावर असलेल्या अध्यापकावर हा भार सर्वाधिक येतो, कारण तो 'कामाचा माणूस' म्हणून ओळखला जाऊ लागलेला असतो.

उपाययोजना

नेमणुका व वेतन हे प्रश्न शासनस्तरावरील आहेत. तथापि पुढील बाबी महाविद्यालयाच्या हाती आहेत.

१) नवोदितांचा आधार : इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी दहा व दुसऱ्या वर्षी पाच टक्के तास कमी देण्याची आणि मार्गदर्शक नेमण्याची तरतूद झाली. येथे निदान एक ज्येष्ठ सहकारी नेमून देता येईल. तासिका तत्त्वावरील अध्यापकांनाही त्यात सामावून घ्यावे.

२) कामाचे न्याय्य वाटप : समित्यांच्या कामाची नोंद वेळापत्रकाप्रमाणेच उघड ठेवावी, म्हणजे भार कोणावर साचतो ते दिसेल.

३) ज्येष्ठांचा सहभाग : निवृत्तीकडे झुकलेल्या अध्यापकांच्या अनुभवाला मार्गदर्शनाच्या रूपाने स्थान द्यावे. त्यातून त्यांची प्रेरणाही टिकते.

४) समुपदेशन : विद्यार्थ्यांप्रमाणे अध्यापकांसाठीही गोपनीय समुपदेशनाची सोय असावी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेची (१४४१६) माहिती अध्यापक कक्षात लावावी.

निष्कर्ष

योगवर्ग किंवा एकदिवसीय कार्यशाळा निरुपयोगी नाहीत. पण कार्यशाळेहून परतलेल्या अध्यापकाच्या टेबलावर तोच ढीग वाट पाहत असेल, तर तिचा परिणाम टिकत नाही. अध्यापकाची सावरण्याची क्षमता त्याच्या मनात असते, तशीच ती वेळापत्रकात, सहकाऱ्यांच्या वागण्यात आणि प्राचार्यांच्या निर्णयांतही असते. म्हणून अध्यापकांच्या स्वास्थ्याचा विचार संस्थेने आपल्या शैक्षणिक गुणवत्तेचा भाग म्हणून करणे आवश्यक आहे.