विमानतळ ते धर्मशाळा : २२ किलोमीटरचा धडा

व्यापारानिमित्त असो, लग्नकार्यानिमित्त असो वा तीर्थयात्रेसाठी असो, आपल्या समाजातील कुटुंबांचा विमानप्रवास अलीकडे पुष्कळ वाढला आहे. मुंबईसारख्या महानगरात विमानातून उतरल्यावर पुढच्या वाहनाची चिंता नसते. लहान शहरांची गोष्ट वेगळी आहे. तेथे विमानतळ गावाबाहेर असतो, दिवसभरात मोजकीच विमाने येतात आणि मोबाईलच्या पडद्यावर दिसणारी गाडी प्रत्यक्षात दाराशी येईलच, याची शाश्वती नसते. हे मी गेल्या कार्तिकात उदयपूरला शिकलो.

केसरियाजींच्या दर्शनासाठी आम्ही निघालो होतो. सोबत पत्नी आणि ८४ वर्षांच्या मातोश्री. त्यांचा चौविहाराचा नियम अनेक वर्षांचा. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही आणि म्हणून रक्तदाबाची संध्याकाळची गोळीही त्यापूर्वीच घ्यायची. उदयपूरचा विमानतळ डबोक येथे, शहरापासून सुमारे २२ किलोमीटरवर. आम्ही सव्वाचारला उतरलो. सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास. सामान घेऊन साडेचारला बाहेर पडलो, तर सव्वापाचपर्यंत हाथीपोळ परिसरातील धर्मशाळेत पोहोचू, असा माझा हिशेब होता.

एका अ‍ॅपवरून गाडी नोंदवली. चालकाचा फोन आला, "कहाँ जाना है? पेमेंट ऑनलाइन है या कॅश?" ऑनलाइन म्हणताच फेरी रद्द झाली. दुसरी गाडी नकाशावर पंधरा मिनिटे एकाच जागी उभी राहिली. तिसरी आली, पण चालक म्हणाला, "हुकम, बुकिंग कॅन्सल कर दो, दीडसौ ज्यादा दे देना." आयुष्य बँकेत गेलेले. नियमबाह्य व्यवहार मला मान्य होईना. दहा मिनिटे मी त्याच्याशी वाद घातला. तो निघून गेला. अखेर विमानतळावरच्या प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीशी रांग लावली आणि पाच वीसला निघालो. देबारी ओलांडत असताना सूर्य अरवलीच्या आड गेला. गोळी पर्समध्येच राहिली.

मातोश्रींनी डोळे मिटून नवकार म्हटला. मी क्षमा मागितली, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तुझा हिशेब बरोबर होता रे, पण त्यात सूर्य धरला नव्हतास." दुसऱ्या दिवशी नवकारशीपर्यंत त्या निराहार राहिल्या. रात्रभर मला झोप लागली नाही.

प्रीपेड गाडीच्या चालकाने वाटेत जे सांगितले, ते आपण व्यापाऱ्यांनी तरी समजून घ्यावे. शहरातून डबोकला भाडे घेऊन येणाऱ्यास परतीचे भाडे मिळण्यासाठी पुढच्या विमानाची वाट पाहावी लागते. न मिळाल्यास २२ किलोमीटर रिकामे जावे लागते. शिवाय अ‍ॅपची कंपनी भाड्यातून आपला वाटा कापून घेते आणि ऑनलाइन रक्कम काही वेळा उशिरा हाती येते. ट्रकचे परतीचे भाडे मिळाले नाही, तर आपणही दर वाढवतोच ना? चालकाची अडवणूक योग्य नव्हती. मात्र तिच्यामागील गणित खोटे नव्हते.

केंद्र सरकारच्या २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गर्दीच्या वेळी भाडे मूळ दराच्या दुपटीपर्यंतच वाढवता येते आणि सबळ कारणाविना फेरी रद्द करणाऱ्यास, मग तो चालक असो वा प्रवासी, भाड्याच्या १० टक्के, कमाल १०० रुपये दंडाची तरतूद आहे. पण अंमलबजावणी राज्यांच्या हाती असते आणि मावळता सूर्य दंडाची वाट पाहत नाही.

म्हणून काही सूचना. सोबत वृद्ध असतील, नियमाची वेळ असेल किंवा रात्र असेल, तर धर्मशाळेच्या पेढीला आदल्या दिवशीच फोन करून गाडी ठरवावी. अ‍ॅपवरची पहिली फेरी रद्द होताच प्रीपेड खिडकी गाठावी. अ‍ॅपवरची नोंद रद्द करून त्याच गाडीत बसू नये. तसे केल्यास प्रवासाची नोंदच उरत नाही. गाडीत बसण्यापूर्वी क्रमांक पडताळावा, मगच चालकाला फेरीचा ओटीपी सांगावा. हा ओटीपी सांगायचाच असतो. बँकेचा मात्र कोणालाही कधीच नाही. परतावा अडकल्यास इंटरनेटवर शोधलेल्या 'कस्टमर केअर' क्रमांकावर फोन करू नये. तक्रार अ‍ॅपमधूनच करावी. पैसे परत मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० वर कळवावे.

परतीच्या दिवशी धर्मशाळेच्या मुनीमजींनी ठरवून दिलेली गाडी वेळेआधी दहा मिनिटे दारात उभी होती. भाडे अ‍ॅपपेक्षा दोनशे रुपये अधिक होते. मी घासाघीस केली नाही. मातोश्रींनी चालकाच्या हाती प्रसादाचा पुडा ठेवला आणि विमानतळावर सूर्य बराच वर असताना गोळी घेतली.