डिटेक्टिव्हची फाइल नेमकं काय सिद्ध करते?

समजा, ठाण्यातल्या एका बाईंना नवऱ्याचा संशय आहे. त्या एका खासगी डिटेक्टिव्हकडे जातात, आगाऊ पैसे भरतात. तीन आठवड्यांनी त्यांच्या हातात एक फाइल येते. नवरा शुक्रवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ऑफिसमधून निघाला. एका बाईला गाडीत घेतलं. रात्री पावणेदहाला दोघं लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये शिरले. सकाळी साडेआठला बाहेर पडले. सोबत अकरा फोटो आणि बिल.

फाइल वाचल्यावर बहुतेक जण म्हणतील, झालं की सिद्ध! संशोधन करू पाहणाऱ्याने मात्र इथे थांबायचं असतं. या फाइलमध्ये निरीक्षण किती आहे आणि अनुमान किती? निरीक्षण एवढंच, की दोन माणसं एका इमारतीत गेली आणि अकरा तासांनी बाहेर आली. बाकी सगळं वाचणाऱ्याने भरलेलं आहे. कदाचित बरोबरच भरलेलं असेल. पण ते फाइलमध्ये नाहीये.

कौटुंबिक वादांमधल्या पुराव्याचा अभ्यास करताना मला हा विषय फार कामाचा वाटतो. दावा आणि पुरावा यांच्यातलं अंतर इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचित दिसतं. आणि चूक झाली तर ती कुणाच्या तरी संसारात, अब्रूत, पोटगीत दिसते.

आधी दावा नीट मांडू. व्यभिचार हा आपल्याकडे आता गुन्हा नाही. २७ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने जोसेफ शाइन खटल्यात भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ रद्द केलं. पण घटस्फोटाचं कारण म्हणून तो कायम आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ पूर्वी जोडीदार 'व्यभिचारी जीवन जगतो आहे' असं दाखवावं लागायचं. १९७६ च्या दुरुस्तीनंतर लग्नानंतरचा एक स्वेच्छेचा शरीरसंबंधही पुरेसा झाला. पोटगीच्या तरतुदीत मात्र (पूर्वीचं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) जुनीच भाषा आहे. बायको 'व्यभिचारात राहत असेल' तर तिला पोटगी नाही. 'राहत असेल' म्हणजे सातत्य हवं, एखाददुसरा प्रसंग पुरत नाही, असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलंय. म्हणजे लोणावळ्याची तीच रात्र एका दाव्यासाठी पुरेशी ठरू शकते आणि दुसऱ्यासाठी अपुरी. 'पुरावा भक्कम आहे का' हा प्रश्न म्हणूनच अर्धा आहे. कशासाठी भक्कम, ते आधी ठरवायला हवं. तुमच्या प्रबंधाच्या मांडणीतही परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवतील.

मग न्यायालय त्या बंद दाराचं काय करतं? प्रत्यक्ष पुरावा जवळजवळ कधीच नसतो, हे न्यायाधीशांना माहीत असतं. त्यामुळे दोन गोष्टी बघितल्या जातात: त्या दोघांमध्ये ओढ होती का, आणि संधी होती का. दोन्ही असतील तर अनुमान काढता येतं. शिवाय फौजदारी खटल्यासारखं 'वाजवी संशयापलीकडे' सिद्ध करायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या दास्ताने निकालात वैवाहिक दाव्यांसाठी संभाव्यतेच्या पारड्याचा निकष लावला. कोणती शक्यता जास्त, एवढं बघायचं. आपली फाइल 'संधी' दाखवते. 'ओढ' दाखवत नाही. ती मेसेजमधून, पत्रांतून, शेजाऱ्यांच्या साक्षीतून यावी लागते. फाइलच्या बळावर थेट कोर्टात जाणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते.

संधीवरून अनुमान काढायची ही पद्धत किती वाकवता येते, याचं माझं आवडतं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. तिथे १९३७ पर्यंत घटस्फोटासाठी व्यभिचार हेच जवळपास एकमेव कारण होतं. मग ज्या जोडप्यांना नुसतंच वेगळं व्हायचं होतं त्यांनी काय करावं? नवरा समुद्रकाठच्या एखाद्या हॉटेलात पैसे देऊन बोलावलेल्या बाईबरोबर एक रात्र राहायचा. अनेकदा दोघं रात्रभर पत्ते खेळत बसायचे. सकाळी मोलकरीण चहा घेऊन आली की दोघं पलंगावर दिसतील एवढी काळजी घ्यायची. हॉटेलचं बिल बायकोच्या हाती पडायचं, खासगी डिटेक्टिव्ह त्या मोलकरणीला शोधायचा, ती कोर्टात नवऱ्याला ओळखायची, आणि घटस्फोट मिळायचा. ए. पी. हर्बर्ट यांनी १९३४ मध्ये या तमाशावर 'होली डेडलॉक' ही कादंबरी लिहिली. पुढे खासदार झाल्यावर १९३७ चा सुधारणा कायदा त्यांनीच पुढे रेटला.

मोलकरीण खोटं बोलत नव्हती, बिल खरं होतं, डिटेक्टिव्हची डायरीही खरी होती. खोटं होतं ते फक्त अनुमान! कायद्याने ज्या आकाराचा पुरावा मागितला, त्या आकाराचा पुरावा लोकांनी बनवून दिला. प्रश्नावलीत 'योग्य' उत्तर कोणतं हे उत्तर देणाऱ्याला कळलं की काय होतं, हे ज्यांनी फील्डवर्क केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडे परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूदही १९७६ च्या त्याच दुरुस्तीत आली, म्हणून असल्या नाटकाची निकड कमी झाली.

आता डिटेक्टिव्हकडे वळू. भारतात खासगी सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे. डिटेक्टिव्ह एजन्सींसाठी २००७ मध्ये विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे डिटेक्टिव्हला तुमच्या-माझ्यापेक्षा एकही जास्तीचा अधिकार नाही. रस्त्यावर उभं राहून तो बघू शकतो, सार्वजनिक जागेतून फोटो काढू शकतो, लोकांशी बोलू शकतो. कुणाचे कॉल रेकॉर्ड, बँकेचे तपशील, फोनमधला मजकूर मिळवण्याचा हक्क त्याला नाही. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात खासगी डिटेक्टिव्हांना अटक केली होती, ती यामुळेच. 'सगळं मिळवून देतो' असं कुणी सांगत असेल तर तो गुन्ह्याचं दरपत्रक वाचून दाखवतोय असं समजा. पैसे देऊन ते करवून घेणारा ग्राहकही त्यात अडकू शकतो.

इथे विद्यार्थी नेहमी एक गल्लत करतात. बेकायदा मार्गाने मिळालेला पुरावा कोर्टात चालतच नाही, असं त्यांना वाटतं. हे बहुधा अमेरिकन मालिकांमुळे. आपल्याकडे नियम जवळजवळ उलटा आहे. मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरवरच्या लाचेच्या खटल्यात, म्हणजे १९७२ च्या मलकानी निकालात, टेप केलेलं संभाषण ग्राह्य धरलं गेलं. पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो मुद्द्याशी संबंधित आणि खरा आहे का, हे महत्त्वाचं मानलं गेलं. त्यात कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चं कलम १४ आणखी सैल आहे. वाद सोडवायला मदत होईल असं वाटलं तर पुरावा कायद्याच्या चौकटीत न बसणारे अहवाल आणि कागदपत्रंही न्यायालय घेऊ शकतं.

पण २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, आणि मग उच्च न्यायालयांमध्ये दोन प्रवाह दिसू लागले. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवऱ्याने बायकोच्या नकळत मिळवलेले कॉल रेकॉर्ड नाकारले. १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मात्र भटिंड्याहून आलेल्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात नवऱ्याने गुपचूप केलेलं बायकोच्या फोनवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग ग्राह्य धरलं. अशाने घराघरांत पाळत वाढेल, हा आक्षेप होता. त्यावर न्यायालयाचं म्हणणं साधारण असं: जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर ते नातं आधीच मोडलेलं आहे.

मला हे पटत नाही. पाळत हे मोडलेल्या नात्याचं लक्षण असेलही, पण ती नातं मोडण्याचं कारणही असू शकते. एका क्षणी घेतलेल्या निरीक्षणातून यातलं आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. हा आपल्या पहिल्या सेमिस्टरचा धडा आहे. शिवाय हा निकाल वाचताना त्याची हद्द लक्षात ठेवा. तिथे पती-पत्नीमधलंच संभाषण होतं आणि ते पतीनेच रेकॉर्ड केलं होतं. पैसे देऊन नेमलेल्या तिऱ्हाईताने, आणखी एका तिऱ्हाईत बाईवर ठेवलेल्या पाळतीबद्दल तो निकाल नाही. बातम्यांचे मथळे वाचून 'आता सगळं चालतं' असं लिहिणाऱ्यांनी निकाल वाचलेला नसतो. आणि ग्राह्य धरलं म्हणजे मिळवणाऱ्याचा गुन्हा माफ झाला, असंही नाही. एकच कागद कौटुंबिक न्यायालयात पुरावा आणि पोलीस ठाण्यात मुद्देमाल असू शकतो.

फोटो खरा आहे का, हा प्रश्न आणखी वेगळा. २०१४ ची जालन्याची विधानसभा निवडणूक आठवते? उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरला की नंतर, यावरून वाद झाला, आणि निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुढे आलं. त्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरण हजर करत नसाल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागणारच. आता साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्यही द्यावं लागतं. डिटेक्टिव्हने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले, दाबून लहान झालेले अकरा फोटो घेऊन वकिलाकडे गेलात तर तो पहिल्यांदा हेच विचारेल. दुसरा प्रश्न: साक्षीला कोण येणार? एजन्सीचा मालक नाही चालणार, त्याने काही बघितलेलं नसतं. रिसॉर्टबाहेर मोटारसायकलवर बसलेला पोरगा लागतो. त्याने नोकरी सोडलेली असते, किंवा उलटतपासणीत 'तुम्हाला याचे पैसे मिळाले ना?' या प्रश्नावर तो गडबडतो.

एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकांत सापडत नाही, पण संशोधन-पद्धतीच्या पुस्तकांत सापडते: पाळत कधी थांबवायची? समजा, दिवसावर पैसे ठरलेत. पहिल्या आठवड्यात काही मिळालं नाही, की 'अजून आठ दिवस बघू' ठरतं. काहीतरी मिळेपर्यंत बघायचं आणि मिळालं की थांबायचं, असं असेल तर निकाल ठरलेलाच आहे, कारण कुणाच्याही आयुष्यात पुरेसे दिवस डोकावलं की संशयास्पद दिसणारा एक शुक्रवार सापडतोच. फाइलमध्ये तो शुक्रवार येतो. आधीचे एकोणीस साधे दिवस येत नाहीत, किंवा 'काही आढळले नाही' या एका ओळीत येतात. वाचणारा ती ओळ ओलांडून पुढे जातो. पाळत सुरू करण्याआधी किती दिवस, कोणत्या वेळा आणि काय दिसलं तर काय मानायचं हे लिहून ठेवणारा ग्राहक माझ्या तरी वाचनात आलेला नाही. आपण त्यालाच पूर्वनोंदणी म्हणतो.

मग संशय असलेल्या माणसाने करायचं काय? एक रस्ता कोर्टातूनच जातो. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जयपूरच्या एका हॉटेलच्या नोंदी आणि नवऱ्याचे कॉल रेकॉर्ड मागवण्याचा कौटुंबिक न्यायालयाचा आदेश कायम ठेवला. तिथे बायकोने हॉटेलचं नाव आणि तारखा दिल्या होत्या, नोंदी न्यायालयाने मागवल्या. माझ्या मते डिटेक्टिव्हचा खरा उपयोग असला तर एवढाच: कुठे बघायचं ते सांगणं. बघायचं काम ज्याला अधिकार आहे त्याने करावं. त्यालाही हद्द आहेच. पुण्याहून गेलेल्या एका प्रकरणात फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बायकोचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी करायला नकार दिला. मूल त्या भांडणात पक्षकार नाही, त्याचं शरीर पुरावा म्हणून वापरता येणार नाही.

या विषयावर कुणाला काम करायचं असेल तर एक अडचण आधीच सांगते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार या दाव्यांची सुनावणी बंद दाराआड होते. कामकाजाबद्दल काही छापायला मनाई आहे, अपवाद उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने छापलेल्या निकालांचा. म्हणजे आपल्या हाती लागतात ती फक्त वरच्या कोर्टापर्यंत भांडत गेलेली प्रकरणं. ज्या फाइली बघून लोकांनी समझोता केला, गप्प बसले, किंवा संशय खोटा निघाल्यावर फाइल जाळून टाकली, त्या कुठेच नोंदलेल्या नाहीत. निकालांवरून 'डिटेक्टिव्हचा पुरावा कोर्टात टिकतो की नाही' हे लिहिता येईल. 'डिटेक्टिव्ह नेमल्याने लग्नांचं काय होतं' हे लिहायला मुलाखतीच घ्याव्या लागतील, आणि त्यासाठी नैतिकता समितीपुढे बसताना ज्याच्यावर पाळत ठेवली गेली त्याची संमती कशी घेणार, याचं उत्तर तयार ठेवा. मी वर वैवाहिक खटल्यांतल्या पक्षकारांची नावं शक्य तिथे टाळून नुसत्या तारखा आणि न्यायालयं दिलीत. तेवढ्यावरून निकाल शोधता येतात. दास्ताने हे नाव मात्र कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, ते लपवण्यात अर्थ नव्हता.